फेन्सिंग येत असेल तर चाकूवाल्यापासून वाचता येतं का?

मागच्या महिन्यात हॉलवर पोरं किट आवरत होती तेव्हा एका मुलीची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, सर, ही फेन्सिंग शिकतेय म्हणजे उद्या कुणी चाकू घेऊन अंगावर आला तर हिला स्वतःला वाचवता येईल ना, का ते वेगळं चाकूचं ट्रेनिंग असतं ते पण लावू? मी म्हटलं ताई, थोडं हो आणि बरंचसं नाही. तेवढ्यात वॉचमन लाईट बंद करायला आला आणि विषय अर्धवट राहिला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण आपल्या पोरीबद्दल काळजीने विचारलेल्या प्रश्नाला असं दीड वाक्यात उत्तर देऊन चालत नाही, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी फेन्सिंग म्हणजे काय ते बघू, कारण तलवारबाजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिनेमातली खणाखणी येते. फेन्सिंगमध्ये तीन हत्यारं असतात, फॉइल, इपी आणि सेबर. फॉइलने फक्त धडावर टोचायचं, सेबरने कमरेच्या वर टोचायचं किंवा वार करायचा, आणि इपीने डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठंही टोचलं तरी पॉइंट. फॉइल आणि इपीची पूर्ण लांबी जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर, सेबरची १०५. वजन फॉइल आणि सेबरचं ५०० ग्रॅमच्या आत, इपी जरा जड, ७७० ग्रॅमच्या आत. इपीच्या टोकाला स्प्रिंगचं बटण असतं, त्याच्यावर ७५० ग्रॅमचा दाब बसला की दिवा लागतो. खेळायची जागा म्हणजे पिस्ट, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टी, सगळी हालचाल त्या पट्टीवर पुढे-मागे. आपल्या भवानी देवीने टोकियो ऑलिंपिकला सेबरमध्ये पहिली मॅच १५-३ ने जिंकली, भारताकडून ऑलिंपिकमध्ये फेन्सिंग खेळणारी ती पहिलीच, आणि तेव्हापासून आमच्या संभाजीनगरला मुलींच्या आयांच्या चौकशा वाढल्यात ही फार चांगली गोष्ट झाली.

या तिन्हींमध्ये खऱ्या मारामारीच्या सगळ्यात जवळचं इपी. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे दिवे एकदम लागले तर रेफरी ठरवतो की आक्रमण आधी कोणाचं होतं आणि पॉइंट एकालाच देतो. इपीमध्ये तसं काही नाही. दोघांनी साधारण १/२५ सेकंदाच्या आत एकमेकांना टोचलं तर दोघांनाही पॉइंट. युरोपात एकोणिसाव्या शतकात लोक खरोखरच्या तलवारी घेऊन द्वंद्व करायचे, त्याच्यातून इपी आलंय, म्हणून इपीवाला पहिला डोळा ठेवतो तो समोरच्याच्या हातावर, मनगटावर, कारण हात सगळ्यात पुढे असतो आणि हात जायबंदी झाला की हत्यार गळून पडतं. ही हाताची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. फेन्सिंगमध्ये सगळं शिक्षण एकाच गोष्टीभोवती फिरतं, अंतर. कोच दिवसभर बोंबलत असतो, डिस्टन्स, डिस्टन्स. समोरचा एका पावलात पोचेल का, एक पाऊल आणि लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप, लागेल का, का त्याहून लांब आहे, हे दोन वर्षं खेळलेल्या पोराला मोजावं लागत नाही, डोळ्यालाच कळतं. समोरच्याने पुढच्या पायाचा पंजा उचलला, खांदा किंचित आवळला, की हे पोर आपोआप मागं सरकतं. ही कमाई खरी आहे आणि ती कुठल्याही दोन दिवसांच्या सेल्फ डिफेन्स शिबिरात मिळत नाही.

पण ते अंतर तलवारीचं आहे. पिस्टवर दोघांच्या ऑन गार्ड, म्हणजे पवित्रा घेऊन तयारीत उभं राहायच्या, रेषा मध्यापासून प्रत्येकी २ मीटरवर असतात, म्हणजे सुरुवात ४ मीटर अंतरावरून होते, आणि तेव्हा दोघांच्या हातात हत्यार असतं, गुडघे वाकलेले असतात, आणि आता मारामारी सुरू होणार हे दोघांना माहीत असतं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांत डेनिस ट्युलर नावाचा इन्स्ट्रक्टर होता, त्याने १९८३ मध्ये एक गोष्ट लोकांपुढे मांडली, की हातात चाकू असलेला साधा धडधाकट माणूस २१ फूट म्हणजे जवळपास साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. हे त्याने पोलिसांसाठी सांगितलं होतं, कमरेचं पिस्तूल काढून नेम धरेपर्यंत तो अंगावर आलेला असतो म्हणून. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आमचे खेळाडू तयारीत असताना ४ मीटरवर उभे राहतात, आणि पोलिसाला साडेसहा मीटर पण कमी पडतात, तर बसस्टॉपवर मोबाईलमध्ये डोकं घालून उभ्या असलेल्या माणसाचं काय?

आणि चाकूवाला बहुतेक वेळा ४ मीटरवरून येतच नाही. चाकू म्हणजे दहा-बारा सेंटिमीटरचं पातं, त्याचं अंतर म्हणजे हात मिळवायचं अंतर, रांगेत मागे उभं राहायचं अंतर, "भाऊ, टाइम काय झाला" विचारायचं अंतर. तो एका हाताने कॉलर किंवा खांदा धरतो, चाकू मांडीमागे लपवलेला असतो, आणि मग एक वार करून थांबत नाही, शिलाई मशीनची सुई जशी खालीवर होते तसा हात त्याच जागी पुन्हा पुन्हा चालतो. वाचलेल्या बऱ्याच जणांनी सांगितलंय की त्यांना आधी बुक्के बसतायत असंच वाटलं, चाकू आहे हे रक्त बघितल्यावर कळलं.

हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. मी शाळेपासून इपी खेळतो. माझा एक मित्र आहे, मेडिकलचं दुकान चालवतो, त्याने आयुष्यात हत्यार हातात धरलेलं नाही. त्याला लाल मार्कर दिला टोपण काढून, मी पांढरा जुना बनियन घातला, डोळ्याला गॉगल लावला आणि म्हटलं मार. पहिल्या वेळी मी हातात मीटरभर लांबीची काठी घेतली आणि ४ मीटरवर उभा राहिलो. त्याच्या हातावर दोनदा काठी बसली, माझ्या कोपराखाली एक रेघ आली, बस. म्हणजे लांब हत्यार आणि अंतर दोन्ही असेल तर फेन्सिंग चांगलंच चालतं. दुसऱ्या वेळी काठी टाकली, अंतर तेच. पाच खुणा. तिसऱ्या वेळी तो माझ्याशी बोलत दोन हात अंतरावर उभा होता आणि बोलता बोलता त्याने डाव्या हाताने माझा बनियन मुठीत धरला. तीन मोजेपर्यंत पोटावर आणि बरगड्यांवर मिळून अकरा खुणा, आणि मला त्यातल्या फक्त दोन जाणवल्या होत्या. बाकीच्या नऊ बनियन काढल्यावर दिसल्या.

त्या तिसऱ्या वेळेचा व्हिडिओ मी नंतर वीसेक वेळा बघितला. माझा उजवा हात चक्क पॅरी करत होता, म्हणजे तलवारीने तलवार बाजूला सारताना मनगट जसं वळतं तसं वळत होतं, हातात काहीही नसताना. पाय सरळ रेषेत मागे जात होते, पिस्टवर जातात तसे, पाठ भिंतीला लागेपर्यंत. आणि डावा हात, ज्याने त्याचं मनगट पकडता आलं असतं, तो मागे लोंबकळत होता, कारण वीस वर्षं त्याला तेच शिकवलंय. शरीर दबावाखाली नवीन काही शोधून काढत नाही, जे घोटलंय तेच बाहेर येतं.

इथे फेन्सिंगच्या नियमांकडे जरा बारकाईने बघितलं पाहिजे, कारण माझ्या मते सगळं उत्तर तिथंच आहे. पिस्टवर खेळताना प्रतिस्पर्ध्याकडे पाठ केली तर कार्ड मिळतं. मोकळ्या हाताने समोरच्याला किंवा त्याच्या हत्याराला धरलं तर कार्ड मिळतं. दोन्ही पाय पिस्टच्या मागच्या टोकाबाहेर गेले तर समोरच्याला पॉइंट. मिनिटभर दोघांपैकी कोणीच काही केलं नाही तर लढायची इच्छा नाही म्हणून रेफरी दोघांनाही कार्ड देऊ शकतो. आता रस्त्यावर चाकूवाला समोर असताना काय करायचं असतं? पाठ फिरवून पळायचं, ते नाही जमलं तर दोन्ही हातांनी त्याचा चाकूचा हात धरायचा, पट्टी सोडून कुठंही, दुकानात, जिन्यात, दोन गाड्यांच्या मधे घुसायचं, आणि लढाई टाळायची. म्हणजे ज्या चार गोष्टींनी माणूस वाचतो त्या चारही गोष्टींवर आमच्या खेळात शिक्षा आहे. खेळ म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर खेळ होणार नाही, पण रोज संध्याकाळी दोन तास ज्याची शिक्षा मिळते ते अंगवळणी कसं पडेल याचा विचार पालकांनी करायला हवा.

मग चाकूचं ट्रेनिंग घ्यावं का? तिथंही नीट बघावं लागतं. चाकू-लढतीचं सगळ्यात प्रसिद्ध शिक्षण फिलिपिन्सचं, त्याला अर्निस किंवा एस्क्रिमा म्हणतात, आणि गंमत बघा, एस्क्रिमा हा शब्दच स्पॅनिश एस्ग्रिमावरून आलाय, ज्याचा अर्थ फेन्सिंग. स्पॅनिश लोकांनी तिथं तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, त्यातून तलवार आणि खंजीर एकत्र चालवायच्या पद्धतीला तिथं आजही स्पॅनिश नाव आहे. २००९ मध्ये कायदा करून अर्निस त्यांचा राष्ट्रीय खेळ झाला. त्यांच्याकडे पहिला धडा असतो की समोरच्याच्या शरीराच्या मागे लागू नका, हत्यार धरलेल्या हातावर मारा, त्याला ते सापाचे दात काढणं म्हणतात. म्हणजे इपीवाला मनगट का शोधतो आणि एस्क्रिमावाला हात का शोधतो याचं कारण एकच. दोघं चुलतभाऊच आहेत म्हणा. पण एस्क्रिमात डावा हात जिवंत असतो, तो सतत तपासतो, अडवतो, धरतो, आणि पाय त्रिकोणात फिरतात, सरळ रेषेत नाहीत. हे दोन फरक फार मोठे आहेत.

उलटा प्रयोगही झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकन मरीन सैनिकांना ड्रेक्सेल बिडल नावाचा माणूस चाकू आणि बायोनेट शिकवायचा, आणि त्याने ते बरंचसं फेन्सिंगवरून उभं केलं होतं, तलवारीसारखा पवित्रा, तलवारीसारखा लंज, हातावर वार. दिसायला सुंदर. पुढे त्याच्यावर टीका झाली ती याच मुद्द्यावर, की यात समोरचा पण चाकू घेऊन पवित्र्यात उभा आहे असं धरलंय, आणि तसा तो नसतो. म्हणजे द्वंद्व आणि हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्वंद्वात दोघांना माहीत असतं, हल्ल्यात एकालाच. हे एवढं कळलं तरी निम्मा लेख कळला असं मी म्हणेन.

जुन्या काळच्या उस्तादांना हे माहीत होतं. इटलीत १४०० च्या सुमारास फिओरे देई लिबेरी म्हणून तलवारीचा शिक्षक होता, त्याच्या शिकवणीत खंजिराचा भाग मोठा आहे आणि तो बहुतेक सगळा कुस्तीच आहे, मनगट धरा, कोपर मोडा, खाली पाडा. आपल्याकडे कोल्हापुरात जे मर्दानी खेळ शिकवतात त्यातही लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा आणि कट्यार-बिचवा हे एकाच आखाड्यात, एकाच वस्तादाकडे असतात. लांबचं हत्यार, जवळचं हत्यार आणि अंगाला अंग भिडल्यावरची झटापट हे एकच शास्त्र होतं. खेळ झाल्यावर ते तुकड्यांत वाटलं गेलं, तलवार फेन्सिंगकडे गेली, पकड ज्युदो-कुस्तीकडे गेली, आणि चाकू कुणाकडेच गेला नाही कारण त्याचा खेळ करणं अवघड.

आजकालच्या बऱ्याच चाकू-क्लासेसबद्दल माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मनापासूनची आहे. तिथं काय होतं, समोरचा पार्टनर रबरी चाकूने एक वार करतो आणि हात तिथंच हवेत ठेवतो. मग शिकणारा सावकाश त्याचं मनगट धरतो, वळवतो, चाकू काढून घेतो, सगळे टाळ्या वाजवतात, रील बनते. खरा माणूस हात तिथं ठेवत नाही हो. तो हात परत खेचतो आणि अर्ध्या सेकंदात दुसरा वार येतो. ज्या क्लासमध्ये पार्टनर तुम्हाला खरोखर मारायचा प्रयत्न करत नाही तिथं तुम्ही नाच शिकताय. आणि इथं फेन्सिंगला पैकीच्या पैकी मार्क, कारण आमच्याकडे समोरचा प्रत्येक वेळी खरंच मारायला येतो, फसवतो, दिवा लागला की लागला, खोटं बोलायला जागा नाही. दोन वर्षांत एका पोराच्या अशा हजारो खऱ्याखुऱ्या चकमकी होतात. मार खायची सवय होते, घाबरून डोळे मिटायची सवय जाते. चाकू-क्लासमध्ये प्रसंग बरोबर असतो पण विरोध खोटा असतो, फेन्सिंगमध्ये विरोध खरा असतो पण प्रसंग वेगळा असतो. मला कुणी यातलं एकच निवड म्हटलं तर पंधरा वर्षांच्या मुलीसाठी मी फेन्सिंगच निवडेन, आणि जोडीला सहा महिने ज्युदो किंवा कुस्ती लावेन, कारण दोन हातांनी समोरच्याचा एक हात पक्का धरून ठेवायचा कसा हे तिथं खऱ्या झोंबाझोंबीत शिकायला मिळतं.

अजून एक गोष्ट बोलली जात नाही, ती म्हणजे अंगावरचं किट. १९८२ मध्ये रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सोव्हिएत युनियनचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह, दोनच वर्षांपूर्वीचा ऑलिंपिक विजेता, फॉइल खेळत होता, समोरच्याचं पातं मोडलं आणि मोडलेलं टोक मास्कमधून आत गेलं. काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर मास्क, जॅकेट, पात्याचं पोलाद सगळ्याचे नियम कडक झाले, आज मोठ्या स्पर्धांचं जॅकेट ८०० न्यूटन (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं माप) एवढ्या जोराला टिकावं लागतं. म्हणजे खेळातसुद्धा, नियमात, रेफरीसमोर, एक मोडकं पातं जीव घेऊ शकतं म्हणून आम्ही एवढं चिलखत घालतो. रस्त्यावर तुमच्या अंगावर कॉटनचा शर्ट असतो.

चिलखतावरून प्रतापगड आठवल्याशिवाय राहत नाही. १० नोव्हेंबर १६५९. आपण ती गोष्ट लहानपणापासून शौर्याची म्हणून ऐकतो, पण जवळून होणाऱ्या हत्याराच्या हल्ल्याचा तो अगदी नेमका नमुना आहे, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. बखरीत सांगितल्याप्रमाणे खानाने भेटीच्या मिठीत महाराजांची मान बगलेत दाबली आणि दुसऱ्या हाताने कुशीत वार केला. म्हणजे एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने खुपसायचं, तेच, आजही रस्त्यावर तेच होतं. वार फुकट गेला कारण अंगरख्याच्या आत चिलखत होतं. ते चिलखत आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं, दगा होऊ शकतो हे आधीच ओळखून घातलेलं होतं. मग जवळची हत्यारं, वाघनखं आणि बिचवा, कारण मिठीत तलवार उपसायला जागाच नसते. आणि सय्यद बंडा धावून आला तेव्हा जिवा महालाने त्याचा काय तोडला? हत्याराचा हात. तोच इपीवाल्याचा हात, तोच एस्क्रिमावाल्याचा हात. जिवाकडे तेवढं अंतर होतं आणि हातात हत्यार होतं म्हणून त्याला ते करता आलं, मिठीत सापडलेल्याला ते करता येत नाही. होता जिवा म्हणून वाचला शिवा असं आपण म्हणतो त्यात हे पण आहे की शेजारी मदतीला कुणीतरी होतं.

मदतीचं एक अलीकडचं उदाहरण. २७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. ती पळत सुटली, आणि रस्त्यावरच्या तरुणांनी मधे पडून त्याचा कोयता धरला. पळणं, आणि दुसऱ्याने हत्याराचा हात अडवणं, याच दोन गोष्टींनी जीव वाचला. कोयता चाकूपेक्षा लांब, त्याला वर उचलायला जागा लागते, त्यामुळे तो येताना दिसतो तरी, चाकू दिसतही नाही. पण पळणं दोन्हीकडे पहिलं.

स्वतःजवळ चाकू ठेवू का, असं बरेच जण विचारतात, मुलींचे वडील तर हमखास. माझं उत्तर नाही. एक तर तो पर्समधून काढायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळणार नाही. दुसरं, दोघांच्या हातात चाकू असले की इपीसारखं होतं, दोन्ही दिवे लागतात, फक्त इथं दिव्याऐवजी रक्त. तिसरं, कायदा. आर्म्स अ‍ॅक्टच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार हत्यारांची गोष्ट येते, पण त्याहून छोटा आहे म्हणून बिनधास्त राहू नका, कारण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरांत वारंवार मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू, काठ्या सगळं येतं. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र कायद्याने पक्का दिलाय, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत तेच आहे, पण कलम ३७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. चाकू हिसकावून घेतल्यावर पळणाऱ्याच्या मागे लागून वार केला तर तो बचाव राहत नाही. (वरचं कलम ३७ पोलीस कायद्याचं आणि हे संहितेचं, दोन्ही वेगळी, गोंधळ करू नका.)

हातात काही हवंच असेल तर सॅक घ्या. खरंच. सॅक छातीपुढे धरली की पहिले दोन वार तिच्यात जातात, आणि फेकून मारली तर समोरचा क्षणभर डोळे मिटतो, तेवढ्यात दोन मीटर मिळतात. लांब दांड्याची छत्री असेल तर फेन्सिंगवाल्याला ती आयतीच सापडली म्हणायचं, टोक पुढे, हात सरळ, त्याला जवळ येऊ द्यायचं नाही आणि तोंडाने ओरडत मागे दाराकडे सरकायचं. पाकीट, मोबाईल मागत असेल तर देऊन टाका, तेही एका बाजूला टाकून, म्हणजे तो तिकडे वाकेल आणि तुम्ही दुसरीकडे पळाल.

आणि सुटल्यावर, सुरक्षित जागी पोचल्यावर, स्वतःच्या अंगावरून हात फिरवून बघा. पाठ, काखा, पोट, मांड्या. माझ्या त्या नऊ खुणा मला जाणवल्या नव्हत्या हे विसरू नका, खऱ्या जखमा पण त्या क्षणी जाणवत नाहीत. रक्त दिसलं की ओढणी, टॉवेल, जे असेल ते जखमेवर जोरात दाबून धरायचं आणि उचलून उचलून बघायचं नाही. चाकू रुतलेला असेल तर तो उपसायचा नाही, आजूबाजूला कापड लावून तसाच ठेवायचा. ११२ ला फोन, किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

त्या ताईंना मी हे सगळं नंतर सांगितलं, आणि मग नुसतं सांगून काय होणार म्हणून आता शनिवारी क्लास संपल्यावर आम्ही दहा मिनिटं वेगळी काढतो. मास्क काढायचे, गॉगल लावायचे, जुने पांढरे शर्ट घालायचे, खांद्याला सॅक, हातात मोबाईल. मोठ्या मुलांपैकी एकाकडे मार्कर, पण कोणाकडे आहे ते बाकीच्यांना माहीत नसतं, सगळे हॉलमध्ये नुसते फिरत असतात. काम एकच, हॉलचं दार गाठायचं. पहिल्या शनिवारी ताईंची मुलगी, आमच्याकडची सगळ्यात चपळ, मार्कर दिसल्याबरोबर मस्तपैकी ऑन गार्डमध्ये उभी राहिली आणि शर्टावर सात खुणा घेऊन बसली. पाठ फिरवायची लाज वाटली म्हणाली. तिसऱ्या शनिवारी तो पोरगा तिच्यापासून पाच पावलांवर असतानाच तिने त्याचा लपवलेला हात हेरला, सॅक त्याच्या तोंडावर भिरकावली आणि गर्रकन वळून जी पळाली ती थेट पार्किंगमध्ये आईच्या गाडीपाशी जाऊन थांबली. डाव्या दंडावर एकच रेघ होती. आईने ती रेघ बघितली, बोटाने पुसायचा प्रयत्न केला, आणि मला म्हणाली, सर, पुढच्या शनिवारी मीपण येते.